परतीच्या फुल्या

डेपोच्या स्टोअरच्या खिडकीत मी बसते. ब्रेकचे लायनर, फिल्टर, पंख्याचे पट्टे, बोल्ट, जे लागेल ते रजिस्टरवर सही घेऊन देते. खिडकीपलीकडून दिवसाला शंभर माणसं मला मॅडम म्हणतात. वहिनी म्हणणारा एकच. त्याला अख्खा डेपो भिंत म्हणतो. ही गोष्ट खरं तर त्याची आहे, पण मधला बराच वेळ तो तुम्हाला दिसणार नाही, कारण तो खड्ड्यात असतो. ज्यात उभं राहून बसच्या पोटाखालची कामं करतात तो खड्डा. डोक्यावर ऑइल गळतं आणि मान आठ तास वर.

माझा नवरा आणि भिंत एकाच आठवड्यात कामाला लागले, एकाच खड्ड्यात. डेपोच्या बास्केटबॉल संघातही दोघं बरोबरच आले. नवरा चपळ आणि बोलका, तो कप्तान झाला. भिंत सहा फूट चार इंच आणि अबोल. तो बास्केटखाली उभा राहिला की समोरच्याला वळसा घालून जावं लागायचं, म्हणून हे नाव. आमच्या लग्नात खुर्च्या मांडण्यापासून पाहुण्यांना गाडीत बसवून देण्यापर्यंत सगळं त्याने केलं आणि जेवायला शेवटी बसला. तेव्हापासून मी त्याची वहिनी. सोळा वर्षं झाली.

संघात असण्याला आमच्याकडे वजन आहे. दरवर्षी गोदी, वीज, टपाल, डेपो अशा खात्यांचे सामने होतात. सामन्यात जे पहिले पाच उतरतात त्यांना हंगामभर दुपारी दोननंतर सरावासाठी कामातून सूट. बदली खेळाडू मात्र पाचपर्यंत राबून मग धापा टाकत सरावाला येतात. त्यामुळे 'पहिले पाच' हे शब्द आमच्याकडे कुणी गमतीने उच्चारत नाही. त्या तीन तासांवर लोकांचे गुडघे आणि पाठी टिकून आहेत.

आता मी यात कुठून आले ते सांगते. संघाचे प्रशिक्षक म्हणजे मास्तर, निवृत्त फोरमन. त्यांचं एक लाडकं वाक्य होतं, "बास्केट कोण टाकतो ते सगळं जग बघतं. परत कोण येतो ते कुणीच बघत नाही." बॉल हातून गेला की समोरचे पळत सुटतात, आणि आपला माणूस वेळेवर मागे परतला नाही की त्यांना फुकटची बास्केट मिळते. मास्तरांनी ठरवलं की अशा प्रत्येक फुकटच्या बास्केटमागे एक फुली मांडायची, ज्याने परतायला हवं होतं त्याच्या नावापुढे. मोजायला कोण? जिच्या नजरेतून वॉशरसुद्धा सुटत नाही ती स्टोअरची बाई. शिवाय कप्तानाची बायको, म्हणजे सामन्याला येणारच.

सामना चालू असताना मी बेंचच्या टोकाला बसून कच्च्या वहीत पेन्सिलीने फुल्या मारायची. दुसऱ्या दिवशी सकाळी, दूध तापेपर्यंत, तेच पेनाने पक्क्या कागदावर उतरवायची. सोमवारी तो कागद हजेरीच्या फळ्याशेजारी लागायचा. मास्तर एकच गोष्ट तपासायचे, बेरीज. सगळ्यांच्या फुल्यांची बेरीज तेवढीच यायला हवी जेवढ्या फुकटच्या बास्केट गेल्या. ती आली की कागद खरा. आणि पहिल्या पाचांवरून मास्तर आणि कप्तान यांचं जमलं नाही, तर कागद म्हणेल ते दोघांनी ऐकायचं, असा करार. मला त्या कराराचा फार अभिमान होता. मूर्ख बाई.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. आमची मुलगी तापाने फणफणली होती, नवरा तीन रात्री तिच्या उशाशी होता, आणि चौथ्या दिवशी सामना. पाय उचलत नव्हते बिचाऱ्याचे. तीन फुल्या. सकाळी पक्का कागद लिहिताना माझा हात अडखळला. एक गाळली. खाली बेरीज केली तर अर्थातच एकने कमी. मास्तर नेमके तेच बघणार. मग ती फुली कुठेतरी टाकायला हवी होती. मी ती भिंतीच्या नावापुढे टाकली. इतका मोठा देह, तो मागे राहिला म्हटलं तर कुणाला नवल वाटणार? एकच तर होती.

एकच तर होती, असं मी पुढे दोन वर्षं म्हणत राहिले. मुलगी बरी झाली, नवऱ्याचे पाय काही बरे झाले नाहीत. पस्तिशी उलटल्यावर या खेळात होतं ते होतंच. मला दिसत होतं, कारण मीच मोजत होते. बॉल गेला की तो हात वर करून पंचाकडे तक्रार करायचा आणि तेवढ्यात तीन पावलं वाचवायचा. मला वाटायचं, याला कळलं तर हा मोडेल. घरात कप्तान, डेपोत कप्तान, दुसरं आहे काय त्याच्याकडे? म्हणून वड्याचं तेल वांग्यावर. आधी सामन्याला एक, मग दोन. पूर्वी दर सोमवारी तो कामावरून आल्या आल्या विचारायचा, "किती आल्या गं माझ्या?" हळूहळू त्याने विचारणंच सोडलं. मी म्हटलं, बरं झालं, आत्मविश्वास आला.

दोन वर्षांपूर्वी हंगाम संपला तेव्हा पक्क्या कागदावर भिंतीच्या एकेचाळीस फुल्या होत्या आणि कप्तानाच्या पंधरा. माझ्या कच्च्या वहीत भिंतीच्या एकोणीस आणि कप्तानाच्या सदतीस. मास्तरांनी कागदावर बोट ठेवलं. त्यांना भिंत आवडायचा, आवाज खाली आला त्यांचा. "काय करायचं, कप्तान?" आमच्या कप्तानाने एक सुस्कारा सोडला आणि म्हणाला, "मैत्री वेगळी, संघ वेगळा." मी शेजारीच बसले होते. किती मोठ्या मनाचा माणूस आपल्या वाट्याला आलाय, असं वाटून माझे डोळे भरून आले होते. खरंच सांगते, भरून आले होते.

भिंत संघाबाहेर गेला, आणि त्याच्या जागी वॉशिंग सेक्शनचा लंबू आला. भिंतीची दुपारची सूट गेली. तो पूर्णवेळ खड्ड्यात. पहिल्याच आठवड्यात तो माझ्या खिडकीशी आला, कोपरापर्यंत काळा. मला मान वर करवेना. तोच म्हणाला, "वहिनी, तुम्ही कशाला तोंड पाडता? तुमचा कागद काही खोटं बोलत नाही. मला आपलं वाटायचं मी पोचतोय. नव्हतो पोचत. जड झालो असणार. दोन लायनर द्या."

मी दोन लायनर दिले.

तेव्हाच थांबायला हवं होतं. नाही थांबले. थांबले असते तर पुढच्या हंगामात कप्तानाच्या फुल्या पंधरावरून एकदम चाळिसावर गेल्या असत्या आणि लोकांनी विचारलं असतं, हे काय झालं? खोट्याचं असंच असतं, ते सोडायचं म्हटलं तरी ते आपल्याला सोडत नाही. आता फुल्या लंबूच्या नावावर जायला लागल्या.

यंदा आम्ही बाद फेरीत पोचलो. समोर गोदीचा संघ, पाच सामन्यांची मालिका, आधी तीन जिंकेल तो पुढे. पहिले तीन सामने झाले तेव्हा आम्ही एक जिंकलो होतो आणि दोन हरलो होतो. चौथा हरलो की खेळ खलास. डेपोत तर ज्याला बॉल आणि टरबूज यातला फरक कळत नाही तोही पहिले पाच कोण हवेत ते सांगत होता. टायर सेक्शनवाले म्हणत, सुतळीला सुरुवातीपासून खेळवा. सुतळी त्यांचाच, सव्वीस वर्षांचा, अंगात मांस नाही पण वाऱ्यासारखा पळायचा. तीनही सामन्यांत तो बदली म्हणून आत आला आणि प्रत्येक वेळी पिछाडी भरून निघाली.

चौथ्या सामन्याच्या दिवशी दुपारी टायर रूमच्या मागच्या खोलीत बैठक बसली. मास्तर, कप्तान आणि कागद घेऊन मी. एक टेबल, तीन स्टुलं, कोपऱ्यात जुन्या ट्यूबांचा ढीग. रबराच्या वासाने डोकं दुखत होतं.

मास्तरांनी सुरुवात केली. "पहिल्या दहा मिनिटांत आपण किती मागे पडतो? नऊ, बारा, सात. दहा मिनिटांत सामना देऊन टाकायचा आणि उरलेली तीस मिनिटं तो परत मागत फिरायचं. सुतळीला पहिल्यापासून घ्यावा लागेल."

"मास्तर, सुतळी चमकतो कारण तो उशिरा येतो," कप्तान म्हणाला. "समोरचे दमलेले असतात. दमलेल्या माणसांपुढे कुणीही पळतो. पहिल्यापासून टाकलात तर पाच मिनिटांत दोन फाऊल करून बेंचवर येईल. मग मागून कुणाला पाठवणार? मला?"

"हो," मास्तर म्हणाले.

कप्तानाने स्टूल पुढे ओढलं.

"म्हणजे?"

"म्हणजे तू मागून ये. दुसऱ्या दहा मिनिटांत. तुझं डोकं मला हवंय, पण ताज्या पायांवर. तुझ्या जागी सुतळी." मास्तर हे बोलताना टेबलावरचा एक बोल्ट उगाच फिरवत होते. अकरा वर्षं ते याला खेळवत होते.

कप्तान चिडला नाही. तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो शांतपणे म्हणाला, "सुतळीला घ्यायला माझी हरकत नाही. पण कुणाच्या जागी, हे तुम्ही कशावरून ठरवताय? आपला करार आहे. कागद बघू."

"बघू," मास्तर म्हणाले. "ताई, वाचा."

मी वाचलं. तीन सामने, चोवीस फुकटच्या बास्केट. कप्तान चार. लंबू बारा. बाकीच्यांच्या मिळून आठ. बेरीज चोवीस.

"बारा," कप्तान म्हणाला. "निम्म्या एकट्या लंबूच्या. मग बसवायचा कुणाला? सरळ आहे."

"लंबू बसला तर गोदीच्या त्या दोन ताडांना बास्केटखाली कोण अडवणार?"

"अडवायचं नाहीच. पाच बुटके, पाच पळणारे. त्यांना दमवायचं. आणि मास्तर, भिंतीच्या वेळी आपण कागदाचंच ऐकलं होतं. तो तर माझा मित्र होता. तेव्हा कागद खरा आणि आज खोटा, असं कसं चालेल?"

मास्तरांनी कागद पालथा ठेवला. मग कपाळ चोळत उठले. "तोंडावर पाणी मारून येतो. आल्यावर ठरवू." ते बाहेर गेले.

मला लंबू दिसत होता. रोज चाळीस बस धुणारा, सूट मिळाल्यापासून पायाला कोरडे मोजे मिळतात म्हणून खूश असणारा साधा माणूस. सोमवारी तोही फळ्यापुढे उभा राहून आपल्याच पायांवरचा विश्वास गमावणार होता. मी धीर केला. नवऱ्याचा हात धरला आणि हळूच म्हणाले, "अहो, तुम्हाला वाईट वाटेल, पण ऐका. लंबूच्या त्या बारा सगळ्या त्याच्या नाहीत."

त्याने हात काढून घेतला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही. "माहीत आहे," तो म्हणाला. "सात माझ्या आहेत."

मला आधी कळलंच नाही तो काय म्हणाला ते.

"मी खेळाडू आहे गं. मी परत पोचलो की नाही ते मला कळत नाही असं वाटलं तुला?"

"मग भिंतीच्या वेळी?"

"तेव्हाही मोजल्या होत्या." आता तो माझ्याकडे वळला. आवाज अगदी घरातला, भाजी काय आणू विचारावं तसा. "हे बघ, मी तुला कधी लिही म्हणालो का? एकदा तरी? तू लिहीत होतीस, मी गप्प होतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. आज एवढा एक दिवस गप्प बस."

चार वर्षं मी ज्याच्यावर पांघरूण घालत होते तो जागा होता. 'किती आल्या' विचारणं त्याने का सोडलं ते आता कळलं. आणि ते माझे भरून आलेले डोळे आठवले. माणसाने माणसाचं इतकं हसं करू नये. भिंतीचा त्याने घात केला आणि मी नुसती मदत केली, असं म्हणायला मला आवडेल, पण लिहिणारा हात माझाच होता. तरी त्या क्षणी मला राग आला तो भिंतीसाठी नाही, लंबूसाठीही नाही. माझं प्रेम याने गुपचूप वापरलं म्हणून आला. निदान इथे तरी खरं सांगते.

मास्तर चेहरा पुसत आत आले. मी पिशवीतून कच्ची वही काढून टेबलावर ठेवली.

"मास्तर, हा कागद खोटा आहे. हे खरं आहे. कप्तान अकरा, लंबू पाच."

मास्तरांनी वही जवळ ओढली. पानं उलटली. बेरीज केली, सवयीने. चोवीस. चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पुन्हा बेरीज केली.

"कधीपासून?"

"चार वर्षं."

"म्हणजे भिंत..."

"एकोणीस. एकेचाळीस नव्हे."

मास्तरांनी कप्तानाकडे बघितलं. कप्तान छताकडे बघत म्हणाला, "मला काय विचारता? मी कधी कागदाला हात तरी लावलाय का?" कानावर हात ठेवणं म्हणतात ते मी पुस्तकात वाचलं होतं, त्या दिवशी शेजारी बसून बघितलं.

वाटलं होतं मास्तर ओरडतील. ते एकदम म्हातारे दिसायला लागले. "या कागदावर बोट ठेवून मी त्याला संघातून काढलं," ते म्हणाले. मग वही मिटून त्यांनी ती माझ्याकडे सरकवली. "सुतळी पहिल्यापासून खेळेल. कप्तान मागून. बाहेर सांगायचं, घोट्याला सूज आहे. हे दुसरं जे आहे ते मालिका संपेपर्यंत या खोलीबाहेर जायचं नाही. संध्याकाळी सामना आहे, पोरांची डोकी फिरवायची नाहीत."

आणि मी मान डोलावली. गप्प बसायची सवय चार वर्षांत अंगवळणी पडली होती.

संध्याकाळी आम्ही चार गुणांनी हरलो. खरं बोललं की चांगलं होतं असं शाळेत शिकवतात. सुतळीने पहिल्या दहा मिनिटांत खरंच दोन फाऊल केले, अगदी कप्तान म्हणाला होता तसे. फुकटच्या बास्केट फक्त तीन गेल्या, त्या मी नेमाने वहीत मांडल्या. पण गोदीच्या पोरांनी लांबून बॉल टाकले आणि सगळे आत गेले, त्याला फुलीचा काय उपयोग? कप्तान खांद्यावर टॉवेल टाकून बेंचवर होता. प्रत्येक बास्केटला उठून टाळ्या वाजवत होता. मागच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, "घोटा सुजलाय तरी बघ कसा उभा राहतोय. याला म्हणतात कप्तान." मास्तरांनी त्याला दुसऱ्या दहा मिनिटांत आत पाठवलं. तो ताज्या पायांवर फार सुंदर खेळला. तो आत होता तेवढ्या वेळात त्याच्या नावापुढे एकही फुली आली नाही.

मग काय, डेपोला कारण मिळालं. नाचता येईना अंगण वाकडं. कप्तानाला बसवला म्हणून हरलो. मास्तरांची बुद्धी नाठी झाली, सुतळीची लायकी नव्हती, टायर सेक्शनच्या लोकांनी वशिला लावला. सुतळीशी आठवडाभर कुणी बोललं नाही. कप्तानाच्या पाठीवर मात्र येणारा जाणारा हात ठेवत होता, आणि तो म्हणत होता, "जाऊ द्या हो, संघ मोठा." मालिका संपली. मास्तर त्या खोलीतलं काही विसरले नव्हते, त्यांनी फक्त परत विषय काढला नाही. पुढच्या हंगामासाठी त्यांनी राजीनामा दिला आणि लोकांना वाटलं शरमेने दिला.

घरी आम्ही दोन दिवस मुलीमार्फत बोललो. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "मी भिंतीला सांगणार आहे."

तो बूट पुसत होता. "सांग की. खरं बोलायची हौस आली असेल तर बोल. पण चार वर्षांपूर्वी आली असती ना, तर मी मागून खेळलो असतो आणि भिंत आज संघात असता. त्याला खड्ड्यात मी नाही घातला." आणि परत बूट पुसायला लागला. त्यातलं निम्मं खरं होतं, आणि तेवढंच मला लागलं.

सोमवारी मी दोन वर्षांपूर्वीची कच्ची वही खिडकीत आणून ठेवली. अकराच्या सुमाराला भिंत आला. खिडकीशी दुसरं कुणी नव्हतं. पोट थोडं सुटलंय आता, चालताना एका हाताने भिंतीचा आधार घेतो. मी म्हटलं, "जरा थांबा," आणि वही उघडून त्याच्यापुढे फिरवली. कुठलं पान, कुठल्या रांगा, कुठून कुठे काय गेलं, सगळं सांगितलं. बोलताना मला फार बरं वाटत होतं. चार वर्षांचं ओझं उतरत होतं. माझं.

त्याने हात फडक्याला पुसले, तरी पानाला बोट लावलं नाही. ओठ हलवत पेन्सिलीच्या फुल्या मोजल्या. बराच वेळ लागला त्याला.

"एकोणीस?"

"एकोणीस."

"संघात सगळ्यात कमी, मग."

"नाही, दोन नंबरला तुम्ही होता. तुमच्याहून कमी फक्त एकाच्या होत्या."

तो थोडं हसला. "मी घरी जिनासुद्धा सावकाश चढायला लागलो होतो," तो म्हणाला. "बायको म्हणायची, असं काय करता, काही झालेलं नाही तुम्हाला. मी म्हणायचो, तुला काय कळतंय? कागदावर आलंय."

मी पानाचा दुमडलेला कोपरा सरळ केला.

"कप्तानाला माहीत होतं?"

नाही म्हणता आलं असतं. तेवढं एक खोटं कुणाच्या तरी भल्याचं झालं असतं. पण मी आता खरं बोलायला निघाले होते ना! "हो," मी म्हणाले. "पहिल्यापासून."

त्याने मान हलवली. मग वही मिटली आणि एका बोटाने माझ्याकडे ढकलली. मिटलेल्या पुठ्ठ्यावर ऑइलचा ठसा उमटला.

"इतके दिवस राग माझा मलाच होता," तो म्हणाला. "तो झेपत होता मला. आता हा कुठे ठेवू?"

मी रजिस्टर पुढे केलं. त्याने नेहमीच्या जागी नेहमीसारखी वळणदार सही केली, तारीख घातली, आणि माझ्या खांद्यावरून मागच्या फळ्यांकडे बघत म्हणाला,

"दोन लायनर द्या, मॅडम."